पेन्सिलीतला अर्ज

रविवारी सकाळी शोकसभा होती आणि शुक्रवार उजाडला तरी सुनेच्या कागदावर एक ओळ उतरली नव्हती.

"एकच तर पान लिहायचंय," तिचा नवरा बूट चढवता चढवता म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे. आई कधी थकली नाही, कधी कुणाला नाही म्हणाली नाही, एवढं घाल म्हणजे झालं. बाकीचं हेडसर बोलतीलच. त्यांना कोण आवरणार आहे?"

"अहो, पण खरंच कधी थकल्या नाहीत का त्या?"

"तू पाहिलंस कधी थकलेलं?" असं म्हणून तो डबा घेऊन निघून गेला. दार लागलं आणि घरात ती एकटी उरली. सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड. गेली एकोणीस वर्षं हे चार तास तिचे एकटीचे होते, कारण त्या वेळात तिच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाई, सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या दालनात टेबल मांडून बसलेल्या असत. आता तर दिवसभर घर रिकामंच होतं. तरी तिचं लक्ष दीड वाजायच्या सुमाराला दाराकडे जायचंच.

बाईंनी चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. फक्त पहिलीचा. मुख्याध्यापिका व्हायची वेळ दोनदा आली, दोनदा त्यांनी ती शेजारच्या वर्गावर ढकलली. "मोठ्यांना शिकवायला कुणीही मिळतं," म्हणायच्या. "पेन्सिल धरायला शिकवायला कंबर लागते." कंबर त्यांनी खरोखरच घालवली. लहानग्यांच्या बाकांवर वाकून वाकून पाठीला जो बाक आला, तो निवृत्तीनंतरही सरळ झाला नाही.

त्यांची शिकवायची रीत एकच. पाटी असो, वही असो, आधी स्वतः फिकट पेन्सिलीने अक्षर काढून द्यायचं आणि मग मुलाला म्हणायचं, "गिरव." त्या रेघेवरून मूल आपला हात फिरवत जायचं. सुरुवातीला रेघ सलग, मग तुटक, मग नुसते ठिपके, आणि एक दिवस कागद कोरा. मुलाला कळायचंही नाही की बाई कधीच्या बाजूला झाल्यात.

ही रीत शाळेत राहिली असती तर ठीक होतं, पण ती घरातही शिरली होती. वाणसामानाची यादी पेन्सिलीने. कॅलेंडरवरच्या नोंदी पेन्सिलीने. पेन्सिलीतलं म्हणजे अजून ठरायचंय, आणि ज्याचं काम त्याने पेन फिरवलं की ठरलं, असा घरचा कायदा होता. सून लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी दारावरच्या नावांच्या पाटीत चौथं नाव घातलं, तेही पेन्सिलीने. तिला ते इतकं लागलं की ती माहेरी फोनवर रडली. म्हणाली, "मला इथे कच्चं धरलंय." चार दिवसांनी बाईंनीच तिच्या हातात पेन ठेवलं. "अगं, गिरव ना. तुझं नाव मी कसं लावणार? तुझं तू लाव." त्या दिवशी ती हसली, पण पहिल्या चार दिवसांचा राग पुरता जायला मात्र दोनेक वर्षं गेली.

दवाखान्याचं काम बाईंनी ठरवून घेतलं नव्हतं. निवृत्तीच्या वर्षीच सासरे आजारी पडले आणि बाई अकरा दिवस त्या दालनातल्या बाकड्यावर बसून होत्या. करायला काही नव्हतं. समोर नोंदणीची खिडकी, खिडकीसमोर रांग आणि रांगेतले कितीतरी जण हातातला अर्ज उलटसुलट करत उभे. खिडकीतला माणूस ओरडायचा, "भरून आणा, मग या." कुणाकडून भरून आणा, ते सांगायचा नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. अकराव्या दिवशी सासरे गेले. पंधरवडा उलटला, आणि बाई पुन्हा दवाखान्यात जाऊन त्याच बाकड्यावर बसल्या. पुढे दवाखान्याने त्यांना एक निळं लोखंडी टेबल दिलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलाला सुतळीने एक पेन बांधलेलं, कारण पेनांना पाय फुटायचे.

इथेही रीत तीच. माणसाला समोर बसवायचं, विचारत विचारत त्याचा अर्ज फिकट पेन्सिलीने भरायचा आणि मग सुतळीचं पेन त्याच्या हातात द्यायचं. लोक वैतागायचे. "बाई, तुम्हीच लिहून टाका ना, एवढा वेळ कुठे आहे?"

"आजार तुझा, नाव तुझं, मग हात माझा कशाला?" बाई म्हणायच्या. "गिरव."

कुणी पन्नाशीचा हमाल, कुणी धुणीभांडी करणारी, जीभ दातांत धरून गिरवत बसायचे. मागची रांग कुरकुरायची. एक म्हातारी दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची. पहिल्या खेपेला तिने अंगठा पुढे केला, तर बाईंनी तो हळूच मिटवून तिच्या मुठीत पेन दिलं. सातव्या खेपेला म्हातारीने नाव न गिरवता लिहिलं आणि खिडकीवाल्याला म्हणाली, "नीट वाच रे, मी लिहिलंय." ही गोष्ट बाई घरी येऊन इतक्यांदा सांगायच्या की सुनेला ती पाठ होती.

हे सगळं पानावर सहज आलं असतं. अडत होतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी.

बुधवारी संध्याकाळी बाईंच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजेच हेडसर, आणि खिडकीवाले असे दोघे घरी आले होते. खिडकीवाले म्हणजे तेच नोंदणीचे कारकून. एकोणीस वर्षांत केस पिकले, खिडकी तीच. चहा झाला, सभेचं ठरलं. सभा त्याच दालनात घ्यायची, रविवारी ओपीडी बंद असते म्हणून. मग हेडसर कप खाली ठेवत म्हणाले, "आणि सूनबाई, सोमवारपासून टेबलावर तुम्ही. सभेतच जाहीर करून टाकतो."

त्यात विचारणं कुठेच नव्हतं. वर नवरा कौतुकाने म्हणाला, "करेल ती. आईच्या हाताखाली तयार झालीये."

तिने फक्त "रविवारपर्यंत बघते" म्हटलं. तिला छप्पन्नावं चालू होतं. एक गुडघा जिना उतरताना बोलायचा. तीस वर्षं या घराची सकाळ तिने ओढली होती. बाई लोकांच्या कामाला वेळेवर बाहेर पडायच्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि गोळ्या कुणी ठेवल्या होत्या, हे कुठल्याच सभेत कुणी विचारणार नव्हतं. त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. तिला आता फक्त बसायचं होतं, आणि हे म्हणायची चोरी होती. न थकणाऱ्या बाईंच्या घरात थकायची परवानगी कुणाला असणार?

जन्मतारीख नक्की करायची म्हणून शुक्रवारी तिने बाईंची दवाखान्याची कापडी पिशवी उघडली. ती आदल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून खुंटीवरच होती. त्या दिवशी बाई दीडला आल्या, पिशवी खुंटीला अडकवली, "पाच मिनिटं टेकते गं" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. चपला पायातच होत्या. वाढलेलं ताट निवलं तरी उठल्या नाहीत, म्हणून ती हाक मारायला गेली, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

पिशवीत तीन पेन्सिली होत्या, टोकं काढून ठेवलेल्या. अर्धा खोडरबर, चष्म्याचं घर, ओळखपत्र. ओळखपत्राच्या मागे चार पदरी घडी घातलेला एक कागद. घडीवर इतका मऊ झालेला, की आधी तिला तो कापडाचा तुकडाच वाटला.

अर्ज होता. सगळा पेन्सिलीत.

"माननीय अधीक्षक यांस. मी गेली एकोणीस वर्षे दर्शनी दालनात लोकांना अर्ज भरण्यास मदत करत आहे. आता मला बारीक रकाने दिसत नाहीत. हात कापतो. माझे अक्षर वेडेवाकडे येते आणि लोक ते तसेच गिरवतात. दोष माझा असतो, पण खिडकीवर बोलणी ते खातात. मी थकले आहे. तरी दिनांक" आणि पुढे तारखेची जागा, "पासून मला या कामातून मोकळे करावे, ही विनंती." खाली सही, तीही पेन्सिलीने.

तारखेच्या जागी कागद झिरझिरीत झाला होता. उजेडात धरल्यावर तिथे एक बारीक भोक दिसलं. खोडून लिहिलेलं, पुन्हा खोडून लिहिलेलं. एका महिन्याखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. 'एकोणीस'च्या जागीही तेच. एकोणिसाच्या खाली अठरा, अठराच्या खाली सतरा, आणि अगदी तळाशी, नीट पाहिलं तर, पंधरा.

म्हणजे चार वर्षं. चार वर्षं बाई हा अर्ज पिशवीत घालून दवाखान्यात जात होत्या आणि तसाच परत आणत होत्या.

सून कागद मांडीवर घेऊन बसली. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. बाई असं का करत राहिल्या, हे कोडं तिला पडलंच नाही. उलट एकेक आठवत गेलं. जेवताना एकदा बाई मुलाला म्हणाल्या होत्या, "आता टेबल सोडावं म्हणते." तो म्हणाला होता, "आई, लोक तुझी वाट बघतात गं." नणंदेने फोनवरून सांगितलं होतं, "मी तर इकडे सगळ्यांना तुझंच उदाहरण देते." आणि दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, एका सकाळी, साडेनऊला दहा मिनिटं असताना, बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

"पुढच्या महिन्यापासून पुरे करते म्हणते," त्या म्हणाल्या होत्या.

आणि हिच्या डोळ्यांपुढे काय आलं होतं? आपला साडेनऊचा चहा. दार लागल्यावर कुणालाही न विचारता लावलेला रेडिओ. पाय वर घेऊन वाचलेलं वर्तमानपत्र. ती कणीक मळता मळता, मान वर न करता म्हणाली होती, "अहो आई, हातपाय चालतायत तोवर जा. घरात बसलात तर दुखणी मागे लागतील."

"बरं," बाई म्हणाल्या. मग बाहेरच्या खोलीतून टेबल हलल्याचा आवाज आला होता. खसखस, खसखस. बाई काहीतरी खोडत होत्या. हिला वाटलं होतं, वाणसामानाची यादी असेल.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिने नवऱ्याला कागद दाखवला नाही. एकच पान लिहिलं, आणि तेही त्याला वाचू दिलं नाही. "सभेत ऐका," म्हणाली.

रविवारी दालनात पन्नास-साठ माणसं जमली. निळ्या टेबलावर बाईंचा फोटो ठेवला होता. टेबल हललं तसा फोटोही डुलला, तेव्हा कुणीतरी वाकून पुठ्ठा सारखा केला. हेडसर पाऊण तास बोलले. 'अथक' हा शब्द त्यांनी किती वेळा वापरला ते ती मोजत होती, अकरानंतर सोडून दिलं. बाईंचे जुने विद्यार्थी बोलले. त्यातला एक रिक्षावाला म्हणाला, "आम्ही दमायचो, बाई नाही दमायच्या." लोक हसले, डोळे पुसले. मग हेडसरांनी जाहीर केलं, "आता सूनबाई बोलतील आणि उद्यापासून हे टेबलही त्याच..."

"मी आधी वाचते," ती म्हणाली, आणि त्यांचं वाक्य तसंच राहिलं.

तिचं स्वतःचं पान लहानच होतं. वाचताना आवाज हलला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"आई थकायच्या. रोज थकायच्या. घरी आल्या की चपला काढायला दोनदा वाकावं लागायचं, एका वेळेला एकच जमायची. चार वर्षांपूर्वी त्यांनी हे काम सोडायचा अर्ज लिहिला. तो मी आता वाचते." तिने तो मऊ कागद उलगडून वाचला. तारखेपाशी आल्यावर म्हणाली, "इथे तारीख नाही. भोक पडलंय. त्यातली एक तारीख माझ्यामुळे खोडली गेली. मला घरात एकटीला चार तास हवे असायचे, म्हणून मी त्यांना जा म्हणाले. त्या माझ्यासाठीही या टेबलावर बसल्या होत्या, असं म्हणा हवं तर. आणि टेबलाचं म्हणाल, तर मी येणार नाही. मी पण थकले आहे. हे मी पेनाने लिहून आणलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेडसरांनी घाईने आभार मानले, आणि लोक हळूहळू उठले. दोघीतिघी तिच्याकडे न बघता निघून गेल्या. बाईंबद्दल असं बोलायला नको होतं, असं त्यांच्या पाठीवरही दिसत होतं.

नवरा बाकड्यावर बसून राहिला. लोक पांगल्यावर म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं होतं हो. जेवताना. तुम्ही म्हणालात, लोक वाट बघतात."

तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

खिडकीवाले मात्र गेले नव्हते. टेबलाशी उभे राहून सुतळीचं पेन बोटांना गुंडाळत होते. "वहिनी," ते म्हणाले, "भोक मीच जास्त पाडलंय. दर तीन-चार महिन्यांनी यायच्या बाई. खिडकीतून कागद आत सरकवायच्या. मी म्हणायचो, बाई, पेन्सिलीचा अर्ज आम्हाला घेता येत नाही. पेनाने करून आणा. आणि एवढा महिना काढा, पुढच्या महिन्यात माणूस देतोय म्हणालेत. त्या म्हणायच्या, बरं."

"माणूस देणार होते?"

"कुठला देणार? मला माहीत होतं, बाई पेन फिरवणार नाहीत. ज्याचा अर्ज त्याने पक्का करायचा म्हणायच्या ना, मग स्वतःचा का नाही केला, देव जाणे."

ती विचार करत राहिली. चौतीस वर्षं आणि वर एकोणीस, बाई दुसऱ्याच्या कागदावर फिकट रेघ काढून बाजूला होत आल्या. त्यांच्या रेघेवरून हात फिरवायला नेहमी समोर कुणीतरी असे. स्वतःचा अर्ज लिहिल्यावरही त्या सवयीने तशाच थांबल्या असतील. कुणीतरी म्हणेल, हो बाई, पुरे करा, आणि मग आपण गिरवू. समोरचा दर वेळी म्हणाला, एवढा महिना काढा. मग खोडायचं, एवढंच हातात उरलं.

तिने खुर्ची ओढली. आईंच्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. जेमतेम टेकण्यापुरती जागा, पाठीला आधार नाही. फोटो बाजूला सरकवला आणि सुतळीचं पेन हातात घेतलं. सुतळी आखूड होती, कागद जवळ ओढून घ्यावा लागला.

ती गिरवू लागली. आईंची कापरी अक्षरं होती तशीच, सरळ न करता. 'थकले'मधला ल दोनदा हलला होता, तिने दोन्ही हेलकावे गिरवले. तारखेच्या भोकाशी थांबून त्याच्या शेजारी, कागद धड होता तिथे, आई गेल्या त्या मंगळवारची तारीख लिहिली. सहीपाशी आल्यावर पेन ठेवलं.

तेवढ्यात अपघात विभागाच्या दारातून एक माणूस आला. हातात अर्ज, शर्टावर सुकलेले डाग. रिकामं दालन आणि टेबलाशी बसलेली बाई बघून तो सरळ तिच्याकडेच वळला. "बाई, जरा भरून देता?"

तिचा हात उठला. खिडकीवाल्यांनी तो पाहिला. "इकडे आणा," ते त्या माणसाला म्हणाले, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि बाकड्यावरच अर्ज ठेवून भराभर लिहू लागले. गिरवणं नाही, पेन्सिल नाही. अक्षर पाहण्यासारखं नव्हतं. त्यांनी वयाचा रकाना चुकवला, खोडला, वर लिहिलं. ती बघत राहिली. त्या माणसाचं काम दोन मिनिटांत झालं आणि तो गेला.

मग तिने अर्ज खिडकीवाल्यांकडे दिला. "हा घ्या. आता पेनाचा आहे. आवक शिक्का मारून द्या."

त्यांनी किल्ली काढून खिडकीची खोली उघडली, आतून शिक्का आणला आणि कागद टेबलावर ठेवून खाली पाहिलं. "वहिनी, सही राहिलीये की."

"सही ज्याची त्याने करायची असते," ती म्हणाली. "आहे ती. फिकट आहे, नीट बघा."

त्यांनी चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ धरला. मग शिक्का मारला, हळूच, भोकाच्या जागी दाब पडणार नाही असा.

ती उठली. गुडघा बोलला. नवऱ्याने फोटो काखेत घेतला आणि दोघं बाहेरच्या पायऱ्यांशी आली, तेव्हा ती म्हणाली, "पाच मिनिटं टेकूया हो." तो शेजारी टेकला. तिने एकेक करून दोन्ही चपला काढल्या आणि पाय लांब केले.